राजा दीनदयाळ आणि मावळतीचा प्रकाश

बिदरहून औरादच्या वाटेला लागून मांजरा ओलांडली की पुढे संतपूर लागते. औराद-संतपूर हे जोडनाव हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना परके नाही. त्या भागातून शिक्षणासाठी, वकिलीसाठी, निजामाच्या दफ्तरातील चाकरीसाठी इकडे आलेली आणि इथलीच होऊन गेलेली माणसे थोडी नाहीत. आमचे घरही त्यांपैकीच एक. गावाकडचा आमचा वाडा गेल्या पावसाळ्यात एका अंगाने खचला आणि तो उतरवून घ्यावा असे भावकीने ठरविले. उतरण्यापूर्वी त्याचे एक छायाचित्र घ्यावे, आणि ते संध्याकाळचे असावे, अशी माझी फार इच्छा होती. वाड्याचा दरवाजा पश्चिमेला. दिवस कलला की उन्हे चौकटीतून थेट ओसरीवर येत आणि जांभ्याचे चिरे पेटल्यासारखे दिसत. लहानपणी पाहिलेले ते दृश्य आमच्या पुढच्या पिढीला निदान कागदावर तरी पाहायला मिळावे, एवढाच हेतू.

कॅमेरा नव्या पद्धतीचा होता, चांगला होता. पहिल्या संध्याकाळी मी परसात उभा राहिलो आणि वाड्याच्या पलीकडे मावळणाऱ्या सूर्याकडे भिंग वळविले. आभाळ नीट आले तर वाडा म्हणजे काळा ढिगारा झाला. वाडा दिसू लागला तर आभाळ कोऱ्या कागदासारखे पांढरे पडले. त्यातही नवल असे, की जी तांबूस प्रभा डोळ्यांना दिसत होती ती चित्रात उरलीच नव्हती. सकाळचे अकरा वाजले असावेत, असे ते चित्र दिसत होते. वाडा उतरविणारे गडी परवा यायचे होते. हाती एकच संध्याकाळ होती. त्या रात्री मला आठवण झाली ती लाला दीनदयाळ यांची. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याहून कितीतरी दुबळी साधने हाती घेऊन या माणसाने आपल्या मुलखाचा प्रकाश काचेवर उतरविला. तो कसा, हे त्यांच्या चरित्रातूनच पाहण्यासारखे आहे.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना या गावी झाला. घराणे जैन, धंदा जवाहिऱ्याचा. खडा उजेडात फिरवून त्याचे पाणी पारखणारी माणसे ती. पण मुलगा पेढीवर बसला नाही. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेण्यास गेला. तेथे त्याला मोजणी आणि नकाशे काढणे शिकायला मिळाले. इमारत कोठून पाहिली असता तिची रेषा सरळ दिसते, कोणत्या कोपऱ्यातून तिच्या दोन बाजू एकदम नजरेत येतात, हे आखणीकाराला कळावेच लागते. पुढे कॅमेरा हाती आला तेव्हा हे शिक्षण फार उपयोगी पडले.

१८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. गादीवर त्या वेळी दुसरे तुकोजीराव होळकर होते. फोटोचा छंद दीनदयाळ यांना लागला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत आल्यावर. आज ज्यांच्या नावाने डेली कॉलेज ओळखले जाते ते सर हेन्री डेली मध्य हिंदुस्थानातील व्हाइसरॉयचे एजंट होते. त्यांनी आणि तुकोजीरावांनी या हौशी कारकुनाला उत्तेजन दिले. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा दीनदयाळ यांनी त्या दौऱ्याची छायाचित्रे घेतली. एका मराठी संस्थानाच्या राजधानीत या कलावंताचा पाया घातला गेला, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय दिव्य होते याची आज कल्पना येणार नाही. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा, ते तावदान अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायचे, ओले असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे, आणि वाळण्यापूर्वीच ते रसायनाने धुऊन उमटवायचे. आपल्याकडच्या उन्हात ती काच पाहता पाहता वाळे. म्हणून अंधारखोली तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे. चित्र मोठे हवे तर काचही तेवढीच मोठी हवी; कारण कागदावर उतरणारे चित्र सामान्यतः काचेच्याच आकाराचे असे. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हा तंबूचा संसार आटोपला.

परंतु ओली काय किंवा कोरडी काय, त्या काचेत एक मोठे वैगुण्य होते. तिला निळा प्रकाश दिसे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. जुन्या फोटोग्राफरच्या अंधारखोलीत तांबडा दिवा जळत असे, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच उमजेल. त्या दिव्याच्या उजेडात काच सुखरूप राहते, कारण तो उजेड तिच्या लेखी अंधारच असतो. आता मावळतीचा सूर्य म्हणजे तरी काय? निसर्गाने क्षितिजावर टांगलेला तांबडा दिवाच. माणसाच्या डोळ्यांना जी घटका सर्वांत सुंदर, तीच त्या काचेला सर्वांत आंधळी. चित्र अगदीच उमटत नसे असे नाही. पण उघडीप कितीतरी वाढवावी लागे, आणि तोवर ज्या प्रभेसाठी हा खटाटोप करायचा ती मावळून जाई.

याच्या उलट प्रकार आभाळाचा. निळे आभाळ त्या काचेवर इतक्या जोराने उमटे की जमीन नीट येईपर्यंत ते पूर्ण पांढरे होऊन जाई. ढग असले तरी नाहीसे होत. युरोपात काही फोटोग्राफर आभाळाची एक काच वेगळी घेऊन दोन्ही काचा एकाच कागदावर छापीत. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची अशी चित्रे करून नाव मिळविले होते. दीनदयाळ यांची वास्तूंची चित्रे पाहिली तर आभाळ बहुधा कोरे आणि शांत दिसते. काही लोक याला उणीव मानतील. मला तो एक निर्णय वाटतो. दोहोंपैकी एकच हाती लागणार असेल तर जमीन धरायची आणि आभाळ सोडायचे, असा तो निर्णय आहे.

१८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य हिंदुस्थानचा दौरा केला. ग्वाल्हेर, दतिया, ओरछा, खजुराहो, सांची या स्थळांची त्या सुमाराची छायाचित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. या चित्रांत मला जे विशेष दिसते ते असे. ऊन समोरून अंगावर आदळत नाही. ते बाजूने येते. त्यामुळे खांबाची गोलाई, महिरपीची खोली, कोरीव कामाचा उठाव डोळ्यांत भरतो. सावल्या असतात, पण त्या आंधळ्या नसतात. सावलीतला दगडही ओळखू येतो. कोठे पायरीवर, कोठे दाराशी एखादा माणूस बसविलेला असतो, म्हणजे इमारतीची उंची चटकन लक्षात यावी. रंग दाखविता येत नाही म्हणून त्यांनी उजेडाचे माप इतके काटेकोर ठेवले, की रंगाची उणीव भासूच नये.

याच सुमारास एक विलक्षण योग आला होता. १८८३ च्या ऑगस्टमध्ये जावा-सुमात्राच्या मधील क्राकाटोआ या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याची धूळ आभाळात फार उंच जाऊन पृथ्वीभर पसरली. सप्टेंबरात मद्रास आणि सिलोनकडे लोकांनी सूर्य हिरवट झालेला पाहिला. पुढे कित्येक महिने जगभर सूर्यास्त असे रक्तवर्ण दिसत, की कोठे आग लागली असे समजून लोक धावत. लंडनमध्ये चेल्सी येथे विल्यम अ‍ॅसक्रॉफ्ट नावाच्या चित्रकाराने रंगीत खडूंनी त्या संध्याकाळांची पाचशेहून अधिक चित्रे काढून ठेवली. त्या वेळी दीनदयाळ एकोणचाळीस वर्षांचे होते, ऐन उमेदीत होते, आणि हिंदुस्थानातील उत्तम फोटोग्राफरांत त्यांची गणना होऊ लागली होती. तरीही शतकातील त्या सर्वांत तांबड्या संध्याकाळांचा रंग त्यांच्याच काय, जगातील कोणाच्याही काचेवर टिकला नाही. तो राहिला तो खडूच्या चित्रांत. साधनाची मर्यादा म्हणतात ती ही.

१८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपला फोटोग्राफर नेमले. पुढे सरकारी नोकरी सोडून ते पूर्णपणे या कलेच्या मागे लागले आणि हैदराबादचे झाले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारात आश्रय दिला. सिकंदराबादेत त्यांची चित्रशाळा उभी राहिली. १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी हैदराबादेत वेगळी चित्रशाळा निघाली; तिचे सर्व काम एका इंग्रज बाईच्या देखरेखीखाली स्त्रियांकडेच होते. १८९६ मध्ये मुंबईलाही शाखा निघाली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा गौरव झाला आणि १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या फोटोग्राफरपदाची सनद मिळाली. निजामांनी १८९४ मध्ये त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार आणि जंग म्हणजे युद्ध. ज्याने कधी तलवार धरली नाही त्याला हा किताब मिळाला याचे कोणास हसू येईल. पण वाळत्या काचेशी आणि ढळत्या उन्हाशी त्यांनी जे दोन हात केले, ते पाहता किताब अगदीच अस्थानी नव्हता.

निजामाच्या राज्यातील वास्तू, वेरूळची लेणी, दौलताबादचा आणि गोवळकोंड्याचा किल्ला, राजवाडे, शिकारी, मेजवान्या असे सारे त्यांच्या काचांवर आले. राजेरजवाड्यांच्या झगमगाटासाठी लोक त्यांची आठवण काढतात. मला त्यांची आठवण येते ती आमच्या बाजूचा तांबडा दगड पाहिला म्हणजे. बिदरचे पठार जांभ्याचे. माती तांबडी, चिरे तांबडे, आणि संध्याकाळचे ऊनही तांबडे. तांबडे न पाहणाऱ्या काचेला याहून बिकट परीक्षा नाही. १४७२ च्या महमूद गवानच्या मदरशाचेच उदाहरण घ्या. त्याच्या उरलेल्या मिनारावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चकचकीत विटांची नक्षी आहे. त्या काळच्या काचेवर निळी वीट जवळजवळ पांढरी होणार आणि पिवळी काळवंडणार. म्हणजे डोळ्यांना दिसते त्याच्या उलट. शिवाय दर्शनी बाजू पूर्वेकडे. संध्याकाळी तेथे गेलात तर मिनाराची केवळ काळी आकृती मिळेल; नक्षी हवी तर सकाळीच गेले पाहिजे. गावाच्या पश्चिमेला अली बरीदचा मकबरा आहे. त्याच्या चारही बाजूंच्या कमानी उघड्या, दारे नाहीत. मावळतीचे ऊन एका कमानीतून शिरून दुसरीतून बाहेर पडते. तेथे मात्र जायचे ते संध्याकाळीच. कोणत्या वास्तूला कोणती घटका, हे जाणणे हीच त्या पिढीच्या फोटोग्राफरची निम्मी विद्या होती.

आता आजच्या कॅमेऱ्याकडे वळू. त्याला तांबडे, निळे, हिरवे सर्व दिसते. मग माझ्या पहिल्या चित्रातून संध्याकाळ नाहीशी कशी झाली? याचे उत्तर लोहाराच्या भात्यापाशी मिळते. लोखंड तापू लागले की प्रथम तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फार तापले की पांढरे. यावरून प्रकाशाचा रंग तापमानाच्या अंशांत मोजण्याची रीत पडली. त्या अंशांना लॉर्ड केल्व्हिन यांचे नाव आहे. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्व्हिन, भर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५००, आणि नुसत्या निळ्या आभाळाखालच्या सावलीचा सात हजारांच्याही वर. मावळतीचे ऊन दोन ते तीन हजारांत असते. गंमत अशी, की ज्याला आपण उबदार रंग म्हणतो त्याचा आकडा लहान आणि ज्याला थंड म्हणतो त्याचा मोठा. क्षितिजावरच्या सूर्याचे किरण माथ्यावरच्या सूर्यापेक्षा जवळजवळ चाळीस पट हवेतून वाट काढीत येतात. त्या वाटेत निळा प्रकाश इतस्ततः विखुरला जातो आणि तांबडा तेवढा पुढे येतो. हे गणित रॅले यांनी १८७१ मध्ये मांडले, म्हणजे दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेण्याच्या थोडे आधी.

म्हणजे संध्याकाळच्या देखाव्यात एकाच वेळी दोन प्रकाश नांदत असतात. उन्हात असलेला चिरा तांबूस उजेडात असतो आणि त्याच्याच शेजारची सावली वरच्या निळ्या आभाळाच्या उजेडात. आपले डोळे या दोघांची समजूत घालतात. कॅमेऱ्यात आपोआप रंग जुळविण्याची जी सोय असते ती मात्र सरसकट विचार करते. तिला वाटते, हा तांबडेपणा म्हणजे दोष आहे. आणि ती तो धुऊन काढते. तांबूस ऊन पांढरे होते, आणि सावल्या नको तितक्या निळ्या पडतात. दीनदयाळ यांच्या काचेला संध्याकाळ दिसत नव्हती; आमच्या यंत्राला ती दिसते, पण ते तिला सुधारू पाहते. दोन्हीकडे उपाय एकच. यंत्र काय पाहते आणि काय पाहत नाही हे माणसाने आधी ओळखावे, आणि काय राखायचे व काय सोडायचे ते स्वतः ठरवावे.

दीनदयाळ ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत वारले. त्यानंतर एका वर्षात, १९०६ मध्ये, तांबड्यासह सर्व रंगांचा उजेड ओळखणाऱ्या काचा विलायतेत विक्रीस आल्या. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी रंगीत छायाचित्राच्या काचा बाजारात आणल्या. ज्या रंगावाचून त्यांनी तीस वर्षे काम केले तो रंग त्यांच्या पश्चात दोनच वर्षांत हाताशी आला. दैवाचा हा खेळ मनाला चटका लावतो. त्यांचा व्यवसाय मुलगा ग्यानचंद यांनी पुढे चालविला. १९८९ मध्ये त्यांच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या, आणि २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ पाच रुपयांचे तिकीट काढले. काचेसारखी ठिसूळ वस्तू इतकी वर्षे टिकली, आणि तिच्यावरच्या कित्येक दगडी इमारती मात्र खचल्या, याला काय म्हणावे!

दुसऱ्या संध्याकाळी मी जागा बदलली. सूर्य समोर न ठेवता पाठीशी आणि किंचित डावीकडे ठेवला, म्हणजे ऊन वाड्याच्या दर्शनी भिंतीवर तिरपे पडावे. रंग जुळविण्याची आपोआपची सोय बंद करून कॅमेऱ्याला भर दुपारच्या उन्हाच्या मापावर बसविले. त्यामुळे जेवढा तांबडेपणा खरोखर होता तेवढा चित्रात राहिला. मग प्रश्न उरला तो उजेडाचा. ओसरीच्या आत, जेथे आजी दिवेलागणीला बसायची, तो कोपरा सावलीत होता. तो दिसावा तर आभाळ फिके पडणार. आभाळाचे रंग यावेत तर तो कोपरा काळोखात जाणार. दोन चित्रे घेऊन ती जोडण्याची युक्ती आज सोपी आहे आणि तिच्यात काही गैर आहे असेही नाही. पण मला फार वेळ विचार करावा लागला नाही. आभाळ संतपूरला उद्याही असणार होते. ओसरी असणार नव्हती. मी ओसरी धरली आणि आभाळ सोडले.

ते चित्र आता घरात भिंतीवर आहे. वर आभाळ जवळजवळ कोरे आहे, खाली जांभ्याचे चिरे तांबूस आहेत, आणि ओसरीचा तो कोपरा नीट ओळखू येतो. नवी मुले विचारतात, की आभाळ असे रिकामे का? मी त्यांच्यासमोर दीनदयाळ यांच्या चित्रांचे पुस्तक उघडून ठेवतो.